घड्याळ कळणारा गोळा

तुमचं पोट दुखतंय, तुम्ही सहा मैल उन्हातून चालत डॉक्टरकडे गेलात, आणि त्याने सुई न टोचता तुम्हाला परत पाठवलं, तर तुम्ही त्या डॉक्टरला काय म्हणाल?

मी चोर म्हणालो होतो. नुसता म्हणालो नव्हतो, छापलं होतं.

माझे वडील नगरला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, मोर्चाची, निषेधाची. छापून उरलेली पत्रकं वडील घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्यं येतात तीच उद्गारचिन्हासकट. थोरली बहीण सुमनआक्का शिक्षिका झाली आणि तिला सोनईजवळच्या एका गावात शाळा मिळाली, तेव्हा मी आणि आई तिच्याबरोबर सोनईला खोली घेऊन राहिलो. कॉलेज मी सोडलं होतं. दुष्काळाची वर्षं होती, माणसं खडी फोडत होती, आणि मला वाटत होतं की आता आपण लिहिलं की काहीतरी पेटणार.

पहिलं पेटवायला सापडले ते कोरडे डॉक्टर.

त्यांचा दवाखाना बाजाराच्या टोकाला, दोन खोल्यांचा. बाहेर बाकडं, आत टेबल, पडद्यामागे लाकडी पलंग. अंगात नेहमी खादीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कोपरापाशी उसवलेला. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की आधी सुई, मग चौकशी. इथे उलटं. चौकशी इतकी लांबायची की बाहेर बसलेली माणसं वैतागायची, आणि शेवटी सुई नाहीच. रंगीत औषधाची बाटलीही क्वचित. बाकड्यावर बसून लोक म्हणायचे, "सुई न्हाई, बाटली न्हाई. गडी आडनावाला जागतोय." हे त्यांच्या कानावर जायचंच. ते आतून ओरडायचे, "ओलं पाहिजे असेल तर विहिरीवर जा!" दुष्काळात विहिरीही कोरड्या होत्या, त्यामुळे बाकडं हसायचं.

त्यांच्याकडे शेवंताबाई नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. केर काढायच्या, बायका-पेशंटजवळ उभ्या राहायच्या, आणि चहा करायच्या. त्या चहाचे दोन प्रकार होते. दर तासाला त्या दारातून विचारायच्या, "डॉक्टर, चहा प्यायचा का धरायचा?" प्यायचा चहा अर्धा कप असायचा. धरायचा चहा काचेच्या मोठ्या ग्लासात, काठोकाठ. तो ते पीत नसत. पोट तपासायच्या आधी दोन्ही तळवे त्या ग्लासाभोवती गच्च धरून बसत, गप्पा मारत, आणि हात ऊन झाले की मगच पोटाला लावत. "गार हात लावला की पोट दार लावून घेतं," ते म्हणत. "मग आपण काय, भिंत तपासायची?" तो चहा गार झाला की शेवंताबाई तो मोरीत ओतत आणि दर वेळी एकच वाक्य बोलत, "साखर तरी घालू नका म्हनावं यांनी."

तर बबनमामा. हा आमच्या ओळखीचा मजूर, दुष्काळी कामावर खडी फोडणारा. पोट धरून कोरडे डॉक्टरांकडे गेला आणि सुई न घेता परत आला. एवढं मला पुरलं. मी रातोरात नव्हे, भर दुपारी, एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: "सुई कोणासाठी?" मजकुरात "रक्तपिपासू" हा शब्द दोनदा होता, आणि शेवटच्या ओळीला तीन उद्गारचिन्हं. वडिलांकडून छापून आणलं आणि सोनईच्या आठवडी बाजारात वाटलं.

तिसऱ्या दिवशी शेवंताबाई माझ्या दारात. हातात माझंच पत्रक. त्यावर लाल शाईच्या खुणा. दोन अनुस्वार राहिले होते, एक वेलांटी चुकली होती, आणि खाली लिहिलं होतं: "मजकूर खोटा असला तरी शुद्ध असावा. – कोरडे." वर शेवंताबाई म्हणाल्या, "दुसरं पत्रक आमी बाकड्यावरच्या भिंतीला डकवलंय. लोकांचा येळ जातो."

मी तणतणत बबनमामाकडे गेलो. त्याला साक्षीला उभं करायचं होतं. तो खडीच्या ढिगावर बसून मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी खात होता.

"मामा, तुला सुई दिली नाही ना त्यांनी?"

"न्हाई."

"मग?"

"भाकरी दिली की. शेवंताबाईच्या घरनं. म्हनले, सकाळधरनं काय खाल्लं? म्हनलं, तमाखू. म्हनले, मग पोट वरडतंय ते बराबर वरडतंय." त्याने घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं. "आरं, मला तितं भाकरी मिळाली, ते न्हाई छापलंस तू."

मी त्यानंतर त्या दवाखान्यासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरायचो. पण सोनईचा बाजार छोटा. पलीकडच्या बाजूनेही आतलं ऐकू येतं, आणि उघड्या दारातून दिसतंही. एकदा आक्काच्या शाळेच्या गावची भागूआज्जी आली होती, सरपंचाची आई. लुगड्याचा बोंगा सावरत ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगत होती, "डाक्टर, माज्या पोटात साप हाय. ओढ्याचं पानी पिताना गिळलाय. दिसभर गुरगुरतोय." देवऋषी करून झाला होता, अंगारा खाऊन झाला होता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोट नीट तपासलं, मग कानातली नळी काढून आज्जीच्या कानात घातली आणि दुसरं टोक तिच्या पोटावर ठेवलं. "ऐका."

"हाय की! वळवळतोय बघा!"

त्यांनी ते टोक उचललं आणि शर्ट वर करून स्वतःच्या पोटावर ठेवलं. आज्जीचे डोळे मोठे झाले. "अगं बया! तुमच्यात बी हाय!"

"शेवंताबाई, इकडं या."

"हिच्यात तर दोन हायेत!" आज्जी ओरडली.

"आज्जी, सगळ्या तालुक्यात साप हायेत. ज्याच्या पोटात गुरगुरत न्हाई त्याला माज्याकडं आना. तो खरा आजारी." आज्जी तशीच नळी कानात घालून बराच वेळ बसली. डॉक्टरांनी ती मागितली नाही.

मला हे आवडलं होतं. पण कबूल करायला मी तयार नव्हतो. कबूल करावं लागलं ते आक्कामुळे.

आक्काचं पोट वर्षभर बिघडलेलं होतं. कळ यायची, घाई व्हायची, आव पडायची. मग दोन दिवस काहीच नाही आणि पोट फुगून टम्म. आवेच्या गोळ्या तिने मूठमूठ खाल्ल्या. शेजारणींनी एकेक पदार्थ बंद करत आणला: वांगं नको, डाळ नको, दूध नको, शेवटी फक्त ताकभात राहिला. पोरगी वाळत चालली. शेवटी मीच तिला नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती. तिथे एक तरुण डॉक्टर होता, परप्रांतातून नुकताच आलेला, बिचारा मराठी शब्द जोडत बोलत होता. त्याने आक्काला काय होतं ते विचारलं. आक्का म्हणाली, "शाळेची वेळ झाली की पोटात गोळा येतो." त्याने लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी भरती व्हा म्हणाला. पोट उघडून बघावं लागेल.

कागदावर इंग्रजीत "लम्प" असं लिहिलं होतं. घरी येऊन मी शब्दकोश उघडला आणि आईला भाषांतर करून सांगितलं, "आक्काच्या पोटात गोळा आहे." आईने कपाळाला हात लावला. दोन दिवसांत गल्लीला कळलं. बायका येऊन आक्काच्या पोटाकडे बघत बसायच्या. आक्का स्वतःही रोज सकाळी पोट चाचपायची आणि म्हणायची, "आज मोठा लागतोय रे." तिने चौथीच्या मुलांच्या वह्या तपासून गठ्ठे बांधून ठेवले, कुणाला काय येत नाही याची यादी केली, आणि ती यादी माझ्याकडे देऊन म्हणाली, "नवीन बाई येतील त्यांना दे." तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो. उद्गारचिन्ह कुठे द्यायचं ते सुचेना.

सोमवारला चार दिवस होते. आई म्हणाली, "त्या कोरडे डॉक्टरला एकदा दाखवा."

"तो सुई देत नाही," मी म्हणालो.

"हितं सुरी द्यायला निघालेत," आई म्हणाली. "सुई न देनाराच बरा."

दवाखान्यात गेलो तर बाकड्यावरच्या भिंतीला माझं पत्रक. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून फक्त "या, पत्रकवाले" म्हटलं. मी नगरचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, पालथा घातला आणि त्यावर ग्लास ठेवला. "हे कागदाचं दुखणं झालं. बाई, तुमचं सांगा. काल सकाळी उठल्यापासून. काही गाळायचं नाही."

आक्काने सांगितलं. पहाटे बायकांबरोबर बाहेर जाऊन येणं. मग चहा नाही, पाणी नाही, खाणं नाही. एस. टी.ने शाळा, साडेदहाला घंटा. पाचला सुटणं. घरी आल्यावर ताकभात, पण भूक अशी की दोन ताटं.

"सकाळी पाणी का नाही?"

"असंच."

डॉक्टर ग्लास धरून बसले. मग प्रश्न सुरू झाले, एकामागून एक, अगदी साध्या आवाजात. दुखणं झोपेतून उठवतं का? नाही. रक्त पडलं? कधीच नाही. ताप? नाही. जाऊन आलं की कळ थांबते? थांबते. वजन आधी घटलं की जेवण? आक्काने विचार केला. "जेवण. मग वजन."

"घरात कुणाला आतड्याचा मोठा आजार?"

"नाही."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत किती त्रास होता?"

आक्काने बोटांवर महिने मोजले. "सुट्टीत... नव्हता, डॉक्टर."

पडद्यामागे शेवंताबाईंना उभं करून त्यांनी पोट तपासलं. मला फक्त आवाज येत होता. "इथं दुखतं? इथं? श्वास सोडा. गोळा कुठे आहे?"

"आत्ता नाहीये."

"कधी येतो?"

"घंटा झाली की."

"आणि जातो कधी?"

"शाळा सुटल्यावर."

पडदा सरकला. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. "काय हो पत्रकवाले, घड्याळ कळणारा गोळा कुठे बघितलाय का तुम्ही?"

मी ग्लासाखालच्या पालथ्या कागदाकडे बघितलं.

"मागच्या महिन्यात माझ्या मुलीला बघायला कोपरगावचे पाहुणे आले. ते दारात उतरले आणि माझ्या पोटात गोळा आला. करू का ऑपरेशन?"

आधी शेवंताबाई हसल्या. मग आक्का. कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि पदर तोंडावर धरून पुन्हा हसली. आमच्या घरातला रोजचा शब्द. परीक्षेच्या वेळी येतो तो गोळा, पोलीस दिसला की येतो तो गोळा. तो इंग्रजीत जाऊन परत आला आणि आम्ही त्याला ओळखलं नाही. आणि परत आणणारा मी होतो, शब्दकोश मांडीवर घेऊन.

"हसलात म्हणून सोडत नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी डबी आणा. रक्तही बघतो." त्यांच्याकडे जुना सूक्ष्मदर्शक होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात डोळा घालून अर्धा तास काढला. आवेचे जंतू नाहीत, जंत नाहीत, रक्तात थोडी कमतरता, ती उपासमारीची. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पोट तपासलं आणि मग आम्हा तिघांना, आईसकट, समोर बसवलं.

"दुखणं खरं आहे. गोळा खोटा आहे. पुस्तकात याला इरिटेबल कोलन म्हणतात. मी चिडकं आतडं म्हणतो. फाटलेलं नाही, सडलेलं नाही, त्यात काही वाढलेलं नाही. चिडलेलं आहे. चिडलेल्याला कुणी कापत नाही, का चिडलं ते विचारतात."

"म्हणजे मनाचे खेळ?" मी विचारलं.

मी त्यांना एकदाच रागावलेलं बघितलं, ते तेव्हा. "पायात पेटका आला तर पाय खोटा म्हणता का? आतड्याला पेटके येतात. या बाई वर्षभर पेटके सोसत चाळीस पोरांना शिकवतायत. खेळ म्हणू नका." मग आवाज खाली आणून आक्काला, "आता सांगा. सकाळी पाणी का पीत नाही? शाळेत जाता कुठे?"

आक्का जमिनीकडे बघत म्हणाली, "कुठेच नाही."

शाळा उघड्या माळावर. आडोसा नाही. मास्तर लोक ओढ्याकडे जातात. गावात दोन-तीन घरी संडास होता. पहिल्याच महिन्यात आक्काने एका घरी विचारलं. त्या बाईंनी आडनाव विचारलं. आक्काने सांगितलं. त्या म्हणाल्या, "पानी न्हाई हो संडासात." आम्ही बौद्ध आहोत. वडिलांनी घरातले देव उतरवले तेव्हा मी लहान होतो, पण पाणी कुठे असतं आणि कुठे अचानक संपतं, हे आम्हाला न सांगता कळतं. आक्काने त्यानंतर कुणाला विचारलं नाही. मलाही सांगितलं नव्हतं. मी जगभरच्या अन्यायावर पत्रकं लिहीत होतो आणि माझी बहीण माझ्याच घरून रोज तहानलेली बाहेर पडत होती.

डॉक्टरांनी धरायचा चहा उचलला आणि सगळा पिऊन टाकला. गार. शेवंताबाई दारात बघत राहिल्या.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. ती आजही आमच्याकडे आहे. "इसबगोल, एक चमचा, पाण्यातून." तोंडाने म्हणाले, "हा एकच गोल पोटात जाऊ दे." पुढे: "सकाळी भाकरी खाऊनच निघणे. बंद केलेले पदार्थ आठवड्याला एक याप्रमाणे परत सुरू करणे. दर महिन्याला वजन. रक्त दिसले, ताप आला, वजन उतरत राहिले तर त्याच दिवशी येणे." आणि शेवटी, त्याच अक्षरात: "शाळेत संडास, एक. कडी आतून." चिठ्ठी त्यांनी आक्काला न देता माझ्या हातात दिली. "शेवटचं औषध माझ्या कपाटात नाही. तुमच्याकडे छापखाना आहे म्हणे."

नगरच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. मोठं सौजन्याचं, इंग्रजीत. आपल्या तपासणीत काय आढळलं ते सगळं लिहून शेवटी एवढंच, की पेशंटने गोळा हा शब्द मराठीत वापरला होता, तरी भाषांतरात दुरुस्ती व्हावी.

सोमवारी आक्का भरती झाली नाही. भाकरी खाऊन शाळेत गेली. नवीन बाईंसाठी केलेली यादी माझ्याकडून मागून घेतली आणि म्हणाली, "यातल्या सहाजणांना भागाकार येत नाही. मीच बघते." आई दारात उभी राहून एस. टी. वळेपर्यंत बघत होती. मग घरात येऊन तिने मोकळ्या आवाजात मला शिव्या दिल्या, शब्दकोशासकट.

मी पत्रक लिहिलं. दोन पानी. डॉक्टरांना दाखवायला नेलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि खोडायला सुरुवात केली. विशेषणं गेली, इतिहास गेला, इशारे गेले. शेवटी कागदावर तीन शब्द उरले: "बाई जातात कुठे?" खाली शाळेचं नाव. "उद्गारचिन्ह?" मी विचारलं. "प्रश्न आहे," ते म्हणाले. "उत्तर त्यांना देऊ द्या."

ते पत्रक गावात वाटलं तेव्हा सरपंच पारावर म्हणाला, "मास्तरला लागत न्हाई, मग बाईलाच का लागतंय?" पुरुष हसले. भागूआज्जी मागेच उभी होती. "तुला न्हाई कळायचं," ती म्हणाली. "जल्म गेला आमचा अंधाराची वाट बघन्यात. गोठ्यावरचे चार पत्रे काढ आन् दे शाळंला." पत्रे आले. एका रविवारी बबनमामा खडीच्या कामावरचे चौघे घेऊन आला आणि त्यांनी खड्डा खणला. दुष्काळाची जमीन, कुदळ टणटण वाजत होती. मीही खणलं. माझ्या हाताला फोड आले ते बघून बबनमामा म्हणाला, "हे छापू नगंस."

आक्काचं पोट पूर्ण बरं झालं असं मी लिहिणार नाही, कारण डॉक्टर ते खोडतील. तपासणीला साहेब येणार असले की अजूनही गुरगुरतं. पण आता ती घाबरत नाही. "चिडलंय," म्हणते, पाणी पिते, आणि वर्गावर जाते. वांगं खाते. अंगावर मांस आलंय.

डॉक्टरांना मी शेवटचं बघितलं ते त्या संडासाच्या पहिल्या दिवशी. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, त्यांनी दवाखाना बंद केला आणि कोपरगावला मुलीकडे गेले. त्या दिवशी मात्र ते सायकलवरून आले, घामाघूम. कुणी बोलावलं नव्हतं. सरळ पत्र्याच्या दारापाशी गेले, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कडी बाहेरून बसवली होती.

"ही खुराड्याची कडी झाली," ते म्हणाले. "कोंबडीला आपण कोंडतो. माणूस स्वतः कोंडून घेतो."

खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेली कडी काढली. सोबत पेचकस. चार स्क्रू ओठांत धरले, त्यामुळे पहिल्यांदाच ते गप्प होते. उसवलेल्या बाहीतून कोपर बाहेर आलेलं, गुडघे मातीत. कडी बसली. मग ते आत गेले आणि दार लावलं. खट् असा आवाज आला.

"पत्रकवाले," आतून आवाज, "ढकला बघू."

मी ढकललं. खांदा लावून ढकललं. दार उघडलं नाही. आक्का माझ्या शेजारी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आता तुमच्याकडे एक काम आहे. हे पान खाली ठेवा. उद्या साडेदहाच्या घंटेला तुमच्या गावच्या शाळेत जा. संडास आहे का बघा. असेल तर आत जा, दार लावा, आणि बाहेरून कुणाला तरी ढकलायला सांगा. उघडलं तर बाजारातून कडी आणा. स्क्रू चार लागतात.